गेनूभाऊ भ्यायचे म्हणून

गेनूभाऊ आमच्या अंगणात आले की आधी नाक वर करून उभे राहायचे. रामराम नंतर, पाणी नंतर. दोनतीनदा खोल हुंगायचे, एकदा गोठ्याकडे तोंड करून, एकदा स्वयंपाकघराकडे, आणि मगच पायरी चढायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आमच्या घराला काही वास मारतोय की काय! मी जरा रागानेच विचारलं, "काय झालं हो?"

"काय न्हाई बाई. वास न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "वास न्हाई म्हंजे बरं हाय. तसं लई बरं बी न्हाई."

आता याला काय म्हणायचं? वास आला तरी या माणसाला भीती, नाही आला तरी भीती. मी मनात म्हटलं, अशा माणसाच्या हातात आपण घरचा गॅस देतोय, कठीण आहे.

आमचं गाव डिंभ्याच्या धरणाखाली, कालव्याच्या कडेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं. घरी सहा म्हशी होत्या. शेण उदंड, आणि सिलिंडर मात्र घोडेगावहून आणायचा तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, गोबरगॅस बांधायचं मनावर घेतलं. वरच्या बाजूला गेनूभाऊ गवंडी हेच काम करतात असं कळलं. जमिनीत खड्डा खणून त्यात विटांचा घुमट बांधायचा, एका तोंडाने शेण आत, दुसऱ्या तोंडाने कुजलेल्या शेणाची रबडी बाहेर, आणि घुमटाच्या डोक्यावरून नळी थेट माझ्या शेगडीला. सांगायला सोपं. पण घुमटाला केसाएवढी चीर राहिली तर सगळं वाया. गेनूभाऊंच्या घुमटाला चीर राहत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांची दुसरीही ख्याती होती. भित्रा माणूस.

काम सुरू झालं त्या दिवशीच त्यांनी अंगणात एक रिकामी वेताची पाटी ठेवली आणि म्हणाले, "काड्यापेटी, इडी, तंबाकूचा चुना सोडून सगळं हितं." ह्यांचा मोबाइलसुद्धा पाटीत गेला. अजून खड्ड्यात शेणाचा पो पडलेला नव्हता, कोरी माती होती नुसती! हे हसले, "गेनूभाऊ, मातीला आग लागतीय व्हय?" गेनूभाऊ हसले नाहीत. "सवय आत्तापासून लागंल ना, वसंतभाऊ." आणि कमरेला दोर. कमरेएवढ्या खड्ड्यात उतरायचं तरी कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक कोणाच्या तरी हातात हवंच. काम करता करता मधूनच आवाज द्यायचे, "दोर कुणाच्या हातात हाय?" कोणी उत्तर नाही दिलं की तसेच वर. एकदा मी भाजी निवडत बसले होते, दोर माझ्या पायाखाली दाबून ठेवलेला. ते वर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, पायाला काय कळतंय?" त्या दिवसापासून मी दोर हातात धरायला शिकले.

आणि त्यांची ती कोंबडी! चालू झालेला एखादा जुना गॅस साफ करायचा असला की गेनूभाऊंच्या खांद्याला एक टोपली असायची, त्यात तांबडी कोंबडी. चार दिवस झाकण उघडं ठेवायचं, ब्लोअरने आत हवा मारायची, आणि मग टोपली दोराने खड्ड्यात सोडायची. कोंबडी ताजीतवानी वर आली तरच माणूस उतरणार. तिचं नाव होतं साहेबीण. "आधी साहेबीण तपासणी करणार, मंग आमी," असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे. पोरं टिंगल करायची. आहुप्याकडच्या एका घरी टोपली वर आली तर कोंबडीची मान लटकलेली. घरच्यांनी ती कापायला मागितली, पाहुणचाराला. गेनूभाऊंनी करवंदीच्या जाळीखाली खड्डा करून ती पुरली, वर हळद वाहिली आणि त्या दिवशी तिथे पाण्याचा घोटही न घेता पायीच परत फिरले. पुढच्या आठवड्यात नवीन कोंबडी. तिचंही नाव साहेबीणच.

भीतीच्या बाबतीत ते मुलंबाळं, सगेसोयरे असा भेद करायचे नाहीत. त्यांची लेक सुनीता तळेघरच्या अंगणवाडीत कामाला होती, रोज घरून जायची. तिने बॅटरीवरची स्कूटर घेतली. रस्ता चढउताराचा, बस कधी येईल त्याचा भरवसा नाही, पोरीला सोय झाली. पण गेनूभाऊंनी फर्मान काढलं, चार्जिंग घरात नाही, गोठ्यात नाही, उघड्या अंगणात. शेजारी वाळूच्या दोन बादल्या. आणि बॅटरी भरेपर्यंत समोर बाजेवर हे स्वतः राखणीला. सुनीताच मला सांगत होती, "बाई, लोकांचे वडील पोरीच्या लग्नाची काळजी करतात. आमचा म्हातारा प्लगची करतोय."

"ज्याला वास हाय ते सांगून येतंय," ते म्हणायचे. "बॅटरीला वास न्हाई. म्हणून जादा भ्यावं." आणि एकदा शेगडीची नळी बसवताना, माझ्याकडे न बघताच, हळू आवाजात म्हणाले, "शेणाचा गॅस बी लई साचला ना बाई, तर नाकच मारून टाकतोय. आधी वास येतोय. मंग येतच न्हाई. माणसाला वाटतंय, गेला गॅस." मी म्हटलं, "अहो, असलं काही सांगू नका, मला रोज या शेगडीवर स्वयंपाक करायचाय." तर म्हणाले, "शेगडीला काय भ्यायचं? खड्ड्याला भ्या."

तीन वर्षं गॅस सुरळीत चालला. निळी ज्योत, भांड्याला काजळी नाही. मग माझा निलेश डिप्लोमा करून घरी आला.

निलेश माझा एकुलता एक. बावीस वर्षांचा, अंगाने धिप्पाड, आणि भीती नावाची वस्तू देवाने त्याला द्यायचीच विसरलेली. लहानपणी कालव्यात उडी मारायचा आणि मी काठावर उभी राहून किंचाळायची. त्याने एक जुनी व्हॅन आणली आणि म्हणाला, "आई, ही आपल्या म्हशींवर चालवून दाखवतो." फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर लावून गोबरगॅस सिलिंडरमध्ये दाबून भरायचा, हा त्याचा बेत. मोबाइलवर कोणाचं तरी बघितलं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कॉम्प्रेसर घरघरायला लागला की मी गोठ्याकडे निघून जायची. ह्यांना मात्र पोराचं भारी कौतुक.

गेनूभाऊ सहज म्हणून डोकावले आणि त्यांनी तो सिलिंडर बघितला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझा हात धरला, हो, परक्या बाईमाणसाचा हात त्यांनी कधी धरला नसता, पण धरला, आणि मला ओढत थेट कालव्यापर्यंत नेलं. "हितं बसा." स्वतः घराकडे पाठ करून बसले. निलेशने हसत हसत सिलिंडर रिकामा केला तेव्हा कुठे उठले.

मग त्यांनी निलेशला समोर बसवलं. त्या दिवशी जे सांगितलं ते आधी कधी सांगितलं नव्हतं, आणि नंतरही कधी नाही.

"आमी विहिरी खणणारी माणसं. मी आन् माझा थोरला भाऊ मारुती. जुन्या विहिरीत उतरायच्या आदी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा, ही आमची रीत. आमच्या बापाची बी. कंदील इझला तर खाली हवा खराब. पेटता ऱ्हायला तर उतरायचं. मी विशीचा असंन. एकानं आमाला गोबरगॅसचा खड्डा साफ करायला बोलावलं. तवा गॅस म्हंजे काय, कुणाला ठावं? भाऊ कडंला वाकला आन् म्हनला, गेनू, कंदील सोड."

निलेश हसायचा थांबला होता.

"मी सोडला. आग वर आली. भाऊ आठ दिवस व्हता." मग म्हणाले, "विहिरीची रीत आमी गॅसच्या खड्ड्यात नेली बघ. काडी माझी व्हती."

मी पदराने डोळे पुसले. निलेशने सिलिंडरचा नाद सोडला, पण व्हॅनचा नाही सोडला. "काका, तुमच्या वेळी मीटर नव्हते. आता गॅस मोजायचं यंत्र मिळतं."

"हाय का तुझ्याकडं?"

"मागवलंय."

सिलिंडरऐवजी त्याने व्हॅनच्या टपावर रबरी कापडाची भली मोठी पिशवी बांधली, गादीसारखी फुगणारी. दाब नाही, म्हणून धोका कमी. आणि खरंच सांगते, गाडी चालली! आमच्या म्हशींच्या शेणावर व्हॅन कालव्याच्या पुलापर्यंत गेली आणि परत आली. पोरं मागे ओरडत पळत होती, हे पुढच्या सीटवर नवरदेवासारखे बसले होते. गेनूभाऊ कुठे दिसेनात म्हणून बघितलं, तर शंभर पावलांवर बाजरीत उभे. तिथूनच हात जोडले. गाडीला की देवाला, कोण जाणे. मी खूप हसले त्या दिवशी. तसं पुन्हा हसले नाही.

पिशवी भरायला गॅस पुरेना. खड्ड्यात माती आणि काडीकचरा साचला होता, ज्योतही मंद व्हायला लागली होती. गेनूभाऊ येऊन झाकण तपासून गेले, म्हणाले साफ करावा लागेल. पण तळेघरच्या वर त्यांचं एक काम चाललं होतं, तिथे मोबाइलला रेंजही नसते. "चार दिसांनी येतो. झाकण उघडून ठिवा, रबडी काढा. पर आत कुणी उतरायचं न्हाई. मी येईस्तवर, साहेबीण येईस्तवर, न्हाई म्हंजे न्हाई." ह्यांनी मान डोलावली. निलेशनेही डोलावली.

दिवाळीची सुट्टी होती, मी घरीच होते. दोन दिवसांत चिखल ओढणाऱ्या मडपंपाने आणि बादल्यांनी रबडी काढून झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी निलेश म्हणाला, "झाकण दोन दिवस उघडं आहे. गॅस हवेत गेला. खाली फक्त माती उरलीय, मी तासाभरात काढतो." मी म्हटलं, "गेनूभाऊंना येऊ दे की रे." "आई, त्यांना चिमणीची पण भीती वाटते." मागवलेलं यंत्र अजून आलं नव्हतं, तरी तो शिडी लावायला लागला. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा वाचता यायचा. ते म्हणाले, "तू थांब रे, तुझी पँट नवी आहे. मी बघतो." आणि खोरं घेऊन स्वतः उतरले. दोर? दोर गोठ्याच्या खुंटीलाच होता.

मी कडेला उभी होते. खालून हे म्हणाले, "वाससुद्धा येत नाही बघ." आणि खाली बसले. दमलेला माणूस टेकतो तसे बसले, मग एका कुशीवर झाले. मी हाक मारली. पुन्हा मारली. ते काही हलले नाहीत.

पुढचं सांगायचं आहे म्हणून तर मी हे लिहायला घेतलं. निलेश "बाबा!" म्हणून ओरडला आणि शिडीकडे धावला, आणि मी, त्याची जन्मदात्री आई, मी ओरडले, "उतर! निलेश, उतर! बाबांना वर काढ! उतर!" गेनूभाऊंनी आम्हाला वर्षानुवर्षं जे जे सांगितलं होतं ते सगळं मला ठाऊक होतं. तरी मी पोराला त्या खड्ड्यात उतर म्हणाले. एकदा नाही, तीनदा.

त्याचा एक पाय शिडीवर होता तेव्हा मागून कोणीतरी त्याला मिठी मारली. गेनूभाऊ! टोपली नाही, कोंबडी नाही, पायात वहाणा नाहीत. वरचं काम लवकर आटोपून येत होते, पुलावरून खड्ड्याला लावलेली शिडी दिसली तसे सगळं टाकून कालव्याकडून धावत आले होते. दोघेही मागे पडले. निलेश लाथा मारत होता, शिव्या देत होता. मीही गेनूभाऊंच्या पाठीवर बुक्क्या घातल्या. "सोडा त्याला! ते मरतायत! सोडा!" हे सगळं मी ओरडले. म्हातारा सोडेना.

"एक गेला बाई. दुसरा न्हाई द्यायचा मी," असं म्हणत होते, रडत होते आणि मार खात होते. तेवढ्यात गाव जमलं. त्यांनी तिथूनच ओरडून शेजारच्या डाळिंबाच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर मागवला. ट्रॅक्टर आला, खड्ड्यात हवा मारायला लागला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. लोक म्हणतात वीस मिनिटं. मग निलेशला चौघांच्या हाती देऊन गेनूभाऊंनी स्वतःच्या कमरेला दोर बांधला. गाठ मारता येईना, दुसऱ्याने मारून दिली. कोंबडी न सोडता गेनूभाऊ आयुष्यात पहिल्यांदाच खड्ड्यात उतरले. ह्यांना बांधून वर पाठवलं आणि मग स्वतः वर आले. त्यांचं धोतर पुढून ओलं झालं होतं. ते कोणीतरी बघितलं आणि गावभर केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोनतीन श्वासांतच गेले असतील. कोणी लगेच उतरलं असतं तर तोही गेला असता. वीस मिनिटांनी काही फरक पडला नाही." मी ऐकलं. आणि कोणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? गाव म्हणत होतं, भेकड म्हाताऱ्याने धरून ठेवलं म्हणून वसंतराव गेले. दहाव्याला गेनूभाऊ आले तर भावकीने त्यांना वाटेतूनच परत लावलं. मी घरात बसून ते ऐकत होते. माझ्या एका वाक्याने सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण मग लोकांनी त्या सकाळचं सगळं उकरलं असतं. कोण काय म्हणालं, कोण काय ओरडलं. गाव गेनूभाऊंना बोलतंय तोवर मला कोणी विचारणार नव्हतं. इतकी मी हलक्या मनाची झाले होते, लपवून काय करू?

आणि खरी भीती गावाची नव्हतीच, निलेशची होती. त्याला ऐकू गेलं होतं का? त्या गोंधळात, स्वतःच्याच ओरडण्यात, आईचं ते "उतर" त्याच्या कानावर पडलं होतं का? त्याने कधी विषय काढला नाही. व्हॅन विकली. आता छपरांवर सौर पाट्या बसवायची कामं घेतो, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासतो. जेवायला बसला की मी त्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघायची. त्याने मान वर केली की भाकरी आणायला उठायची. बापाला गिळलेल्या खड्ड्यात आई आपल्यालाही ढकलत होती, हे माहीत असलेलं पोर आईच्या हातचं असं शांतपणे जेवेल का? की म्हणूनच इतकं शांत जेवतं? दीड वर्ष मी रोज याच भीतीत भाकऱ्या थापल्या.

मग एक दिवस घोडेगावच्या स्टँडवर गेनूभाऊ दिसले. हडकले होते. शेजारी पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. गवंडीकाम सोडलं होतं, कोणी बोलावतही नव्हतं. लेक आता तळेघरलाच राहायची, कायमचे तिच्याकडे निघाले होते. मला पाहून उठून उभे राहिले आणि बाकाच्या टोकाला सरकले, मला त्रास नको म्हणून.

मी जवळ जाऊन बसले. बस काही लवकर येणार नव्हती.

"पोरगं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"बास मंग."

मला ते सहन झालं नाही. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, मी ते कसं दाबून ठेवलं ते, आणि का ठेवलं ते. "मी त्याला उतर म्हणाले होते, गेनूभाऊ. माझं पोर तुमच्यामुळे आहे, आणि मी गावाला तुम्हाला भेकड म्हणू दिलं. मला रोज वाटतं, त्याने ऐकलं असेल. त्याला माहीत असेल." मी हुंदके देत होते, स्टँडवरची माणसं बघत होती.

गेनूभाऊंनी वळकटीची दोरी पुन्हा आवळली. मग म्हणाले, "ती वीस मिन्टं मी रोज मोजतो, बाई. डाक्टरचं ऐकून बरं वाटलं." रागाचा एक शब्दही नाही.

तळेघरची बस आली. मी वळकटी वर दिली. पायरीवर चढले आणि मागे वळले.

"त्यानं न्हाई ऐकलं," ते म्हणाले. "मी त्याला धरला ना, तवा माझा हात त्याच्या कानावर व्हता. दोन्ही कानांवर. गच्च. त्याला काय बी ऐकू गेलं न्हाई. आज निवांत जेवा."

बस हलली. खिडकीतून त्यांनी हात केला, मीही केला. घरी आले, निलेशला वाढलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्या समोर बसून पोटभर जेवले.

गेनूभाऊंचे दोन्ही हात त्या वेळी निलेशच्या कमरेला होते. मी त्यांच्याच पाठीवर बुक्क्या मारत होते, मला दिसत होतं.